बाटलीवरचा हात

खोकल्याची बाटली काउंटरवर ठेवायची, पण तिच्यावरचा हात काढायचा नाही, ही चाचांची रीत. हाताखाली बाटली आणि चष्म्यावरून नजर. "दुसरं काय चालू हाय?" दुसरं कुठलं औषध चालू आहे ते कळेपर्यंत हात हलत नसे.

लातुरात आमच्या क्लासेसच्या गल्लीत तुम्ही कधी आला असाल, तर चाचांचं मेडिकल तुम्ही पाहिलंच असेल. सगळी गर्दी शिकणाऱ्या पोरापोरींची, आणि सगळ्यांना घाई. कुणीतरी कुरकुरायचंच, "चाचा, साधं सिरप तर आहे. कोपऱ्यावरचा काही विचारत नाही."

"मग कोपऱ्यावर जा की बेटा. इथं विचारल्याबिगर भेटणार न्हाई."

गिऱ्हाईक जायचं. चाचा पुढच्याला विचारायला मोकळे.

मी त्याच गल्लीत फिजिक्स शिकवते. 'घाबरायचं नाही' असं मुलांना रोज सांगणारी मी एक गोष्ट मात्र लपवून होते. कित्येक वर्षांचं डिप्रेशन, कुठल्याच गोळीला दाद न देणारं. शेवटी डॉक्टरांनी केटामाईन सुरू केलं, हॉस्पिटलात, सलाईनमधून, त्यांच्या देखरेखीखाली. तिसऱ्या सेशननंतर मला कितीतरी दिवसांनी चहाची चव लागली. ते उपचार मला जिवापाड हवे होते, आणि ते कुणाला कळू नयेत हेही तितकंच हवं होतं. मॅडमच्या डोक्याचं काहीतरी चालू आहे असं पालकांच्या कानावर गेलं असतं, तर वर्ग रिकामा व्हायला वेळ लागला नसता.

पुढच्या सेशनच्या आदल्या दिवशी खोकला उसळला. चाचांकडे गेले. बाटली आली, वर हात आला.

"दुसरं काय चालू हाय, बाई?"

"काही नाही."

खरं सांगते, मला ते खोटंही वाटलं नाही. ती रोजची गोळी थोडीच होती.

चाचांनी माझ्या हाताकडे पाहिलं. सुई टोचलेली जागा अजून निळी होती. मला आत बाकावर बसवून त्यांनी हळूच विचारलं, "सलाईन कशाची लागली?" मी सांगितलं.

"त्र्याण्णवच्या भूकंपात मी तंबूतल्या दवाखान्यात कंपाउंडर होतो," ते म्हणाले. "हातपाय चेंगरलेल्या माणसांना डॉक्टर भुलीसाठी हेच देत होते. त्याच्यात लाज कशाची?" मग त्यांनी बाटलीच्या लेबलवर बोट ठेवलं. "हे डेक्स्ट्रोमेथॉर्फन. हे बी डोक्यात त्याच जागी काम करतं. एकावर एक झालं तर लई गुंगी येती, माणूस भ्रमिष्टावानी होतं. सर्दीचं दुसरं सिरप द्यावं तर त्यानं बीपी चढतं, आन् तुमचं इंजेक्शन बी चढवतं. डॉक्टरला विचारल्याबिगर एक बी देणार न्हाई. लावा फोन."

"इथून?"

"इथूनच."

डॉक्टर म्हणाले, ते सिरप नको, गरम पाणी आणि मध घ्या, उद्या आधी छाती तपासू आणि मग सेशनचं ठरवू. तेवढ्यात काउंटरवरून आमच्याच क्लासच्या एका सरांनी मान लांब केली. "काय झालं मॅडमला?"

"खोकला झालाय," चाचा कडाडले. "तुमाला काय पाहिजे ते बोला."

मला तिथेच रडू आलं. सेशन चार दिवस पुढे गेलं, पण झालं.

चाचा गेल्या हिवाळ्यात गेले. आता काउंटरवर त्यांची मुलगी असते. परवा मी पुन्हा खोकला घेऊन गेले, तर दुकान गच्च भरलेलं, निम्मी मुलं माझ्याच बॅचची. तिने बाटली ठेवली, वर हात ठेवला आणि गर्दी पाहून आवाज अगदी खाली आणला. "मॅडम, दुसरं काय चालू आहे?"

"केटामाईन," मी वर्गातल्या आवाजात सांगितलं. "डिप्रेशनसाठी. थांब, कुठलं सिरप चालेल ते डॉक्टरांना विचारते."

मी फोन काढला. रिकामा व्हायचा तर होऊ दे वर्ग.

माझ्यामागे उमरीहून शिकायला आलेली एक मुलगी उभी होती. मघाशी 'काही नाही' म्हणून पिशवीत टाकलेली खोकल्याची बाटली तिने बाहेर काढून काउंटरवर ठेवली.

"ताई, माझ्या बी गोळ्या चालू हायत. त्याच्याच."

चाचांच्या लेकीने दुसरा हात त्या बाटलीवर ठेवला.