व्याह्यांचं हेल्मेट

माझ्या व्याह्यांइतका भित्रा माणूस अख्ख्या पुण्यात नाही, आणि तितका हट्टीही नाही. स्कूटर होती तोवर त्यांनी डोक्याला हेल्मेट लावलं नाही. भर चौकात पोलिसाशी असा वाद घालायचे की तोच कंटाळून सोडून द्यायचा. मग हृदयाची झडप बदलली, रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली आणि डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागू देऊ नका. झालं. व्याह्यांनी स्कूटर विकली आणि हेल्मेट घेतलं. आता कोथरूडात भाजी आणायला पायी जातात, हेल्मेट घालून. दाढीचं ब्लेड फेकून दिलं. पालेभाजीने गोळीचा जोर कमी होतो हे कळल्यापासून मिसळीवरची कोथिंबीर एकेक पान वेचून बशीत काढतात.

तीच गोळी मलाही आहे. महिन्याला रक्त तपासायचं, आकडा दोन ते तीनच्या मधे हवा. व्याही शाळेतल्या पोरासारखे माझ्या कागदात डोकवायचे. "आमचे अडीच. तुमचे?" माझं हे सगळं बायको बघायची. तारीख, गोळी, मेथी किती, सगळं. ती गेली आणि मी तपासणी सोडली. गोळी तेवढी सवयीने घ्यायचो.

दोन महिन्यांनी व्याही चहाला आले. माझ्या हातावरचा काळानिळा डाग त्यांना दिसला. हिरड्यांतून रक्त येतं, हेही मग कबूल केलं. त्यांनी मला तसंच रिक्षात घातलं. आकडा आला साडेपाच. डॉक्टरांनी गोळी काही दिवस थांबवली, वर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर अवघड होतं. बाहेर बाकावर व्याह्यांनी माझा कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "विहीणबाई गेल्यापासून तुम्ही धड जेवत नाही. खोटं बोलू नका, आकड्यात दिसतंय."

दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन हजर. पुढे डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोनदा मेथीही आणू लागले, मोजून एक वाटी. स्वतः हात लावत नाहीत, मला मात्र समोर बसून खायला लावतात. लसूण नाही, मीठ बेताचं, चव गवताची. हिच्या हातची मेथी निराळी होती. तरी वाटी संपवतो. गेल्या खेपेला माझा आकडा अडीच आला आणि त्यांचा सव्वातीन. दिवसभर तोंड पाडून बसले होते.

त्या दिवशी जाताना त्यांनी पिशवीतून एक नवं लाल हेल्मेट काढलं आणि दाराजवळच्या खुंटीवर अडकवलं. तिथे हिची पर्स असायची. म्हणाले, "बाहेर जाताना घालत चला."

मी घालत नाही. लाज वाटते. पण संध्याकाळी दार उघडलं की आता खुंटी रिकामी नसते.