नाव नसलेला नंबर

आमच्या धुळ्याच्या ऑफिसात लॉगिन व्हायला फार वेळ लागे, म्हणून असोद्याचा एक माणूस सर्व्हर बघायला आला होता.

"कोणी लॉगिन करायला आलं की सर्व्हर मशीनच्या नंबरावरून त्याचं नाव शोधतो. नाव सापडत नाही, म्हणून वाट बघत बसतो," असं सांगून तो एकेका मशीनच्या नंबरापुढे नाव टाकू लागला. लेखा, आवक, जावक. टाइप करण्याआधी प्रत्येक नाव ओठांत पुटपुटायचा.

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. स्क्रीनवर नुसताच नंबर होता. तो बघत राहिला.

"ओळखीचा नाही का?" मी विचारलं.

"आईचा होता, भाऊ. ती गेल्यापासून आबा वापरतात. 'आई' पुसलं, पण तिथं 'आबा' लिहवत नाही."

मोबाईल वाजून वाजून थांबला. त्याने पुढच्या मशीनचं नाव विचारलं.