जोडी न फोडण्याचं कलम

कराराचा कागद छापील होता आणि त्यावर बारा कलमं होती. चिंचवड स्टेशनाजवळ एका किराणा दुकानाच्या माडीवर एजंटचं ऑफिस होतं. त्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला लावलेलं बाकडं. पिंपरीच्या बाजूला कारखाने उभे राहू लागले होते, त्यांच्या कामगारांसाठी वसाहती बांधायच्या होत्या, आणि त्या कामांवर सुतार, गवंडी, फिटर पुरवायचा धंदा हा माणूस करत होता. मी तोवर कुणाचीच नोकरी केलेली नव्हती. चौकटी, दारं, खिडक्या ठरवून घ्यायच्या, करून द्यायच्या आणि पुढचं गाव गाठायचं, असं वीस वर्षं चाललं होतं. पण कारखान्यांचे साहेब एकट्यादुकट्या सुताराशी बोलत नसत. ते एजंटशी बोलत आणि एजंट आमच्याशी.

कुठलंही काम घेण्याआधी वहीत यादी करायची, ही माझी जुनी सवय. त्या वेळीही केली होती. अशा एजंटांकडे काम केलेले तीन सुतार गाठले आणि कशाकशाचा त्रास होतो ते विचारून घेतलं. तिघांनीही पहिली तक्रार हत्यारांची सांगितली. हत्यारांची पेटी एजंट कामावरच्या कोठीत ठेवून घेई आणि सुतार निघू लागला की पेटी अडकवून ठेवी. रंधा आणि पटाशी कोठीत पडल्यावर सुतार जाणार कुठे? दुसरी गोष्ट काम सोडण्याच्या मुदतीची. तिसरी, काम सोडल्यावर वर्षभर या भागात दुसऱ्याचं काम घ्यायचं नाही, अशी अट. चौथी मी स्वतः घातली. लाकूड ओलं आलं आणि महिन्याभरात चौकट पिळवटली, तर दोष लाकूड आणणाऱ्याचा धरायचा, सुताराचा नाही.

एजंट शांत माणूस होता. सुपारी कातरत ऐकून घ्यायचा. पहिल्या कलमावर आमचा अर्धा तास गेला, तेव्हा तो म्हणाला, "मिस्त्री, हा कागद आजवर कुणी वाचला नव्हता."

"म्हणून तर तुमचं चाललं," मी म्हणालो.

तो हसला. शेवटी पेटी रोज घरी न्यायची परवानगी मिळाली, आठ दिवस आधी सांगून काम सोडायची मोकळीक मिळाली, ओल्या लाकडाचं कलमही मिळालं. वर्षभराच्या अटीचे सहा महिने झाले. प्रत्येक बदल समासात शाईने लिहून घेतला आणि त्यापुढे दोघांच्या सह्या. त्या दिवशी मी स्वतःवर बराच खूश होतो.

हे सगळं चाललं असताना माझा जोडीदार बाकड्यावर बसून होता. तो चाकणच्या पलीकडच्या एका खेड्यातला, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. दहा वर्षं मी आखत होतो आणि तो कापत होता. मोठ्या करवतीला दोन मुठी असतात. प्रत्येकाने आपल्याकडे फक्त ओढायचं, ढकलायचं नाही. ढकललं की पातं वाकतं आणि काप तिरका जातो. असा ओढणारा माणूस मिळायला वर्षं लागतात. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी सांगितलं, सगळं नीट आहे, आणि त्याने दुसऱ्या कागदावर अंगठा उठवला. माणसं दोन म्हणून कागदही दोन, एवढंच तेव्हा मला वाटलं.

दुसऱ्या महिन्यात एका सोमवारी कामावर गेलो तर तो नव्हता. मुकादमाने सांगितलं, त्याला चाकणला पाठवलंय, तिथे कांद्याची वखार बांधतायत. मला दुसरा माणूस दिला होता. चांगला होता बिचारा, पण ढकलायचा.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी माझा कागद उघडला. नववं कलम: एजंट सांगेल त्या कामावर जावं लागेल. मी ते वाचलेलं होतं, पण यादीत घेतलं नव्हतं. आम्हाला वेगळं पाठवता येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आम्हा सुतारांत काम मागायला जाणारा 'आम्ही येतो' असंच म्हणतो; कितीजण ते समोरच्याला कळतं. कागदाला मात्र ते कळत नाही.

संध्याकाळी एजंटकडे गेलो. एका अडाणी माणसाला फसवून लांब पाठवलंय, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. तो रागावला नाही. जोडी एकत्र ठेवायची तर कागदात तसं लिहून देतो म्हणाला, पण त्याच्या बदल्यात आठ दिवसांची मोकळीक सोडा, वसाहत पुरी होईपर्यंत बांधून राहा. मी दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत मागितली. रात्रभर विचार केला असं म्हणणार नाही. माझं ठरलेलं होतं. त्या माणसाशिवाय माझ्या हातून माझं काम होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सही केली. एजंटने समासात लिहिलं, 'हे दोन सुतार एकाच कामावर राहतील.' मग तो माझ्याकडे क्षणभर बघत राहिला, काही बोलणार असल्यासारखा, आणि त्याने पेनाला टोपण लावलं.

रविवारी सायकल काढली आणि भोसरी, मोशी करत चाकणला पोचलो. वखारीच्या भिंती उठल्या होत्या आणि छपराच्या लाकडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे तिकोनी सांगाडे, खाली जमिनीवर जुळवून ठेवल्या होत्या. सुट्टी असूनही जोडीदार तिथेच होता, हातात सुतळी घेऊन. मला बघून त्याला आनंद झाला. आधी पाणी दिलं, मग चहा मागवला. मी कागद काढून त्याला कलम वाचून दाखवलं आणि त्यासाठी काय सोडलं तेही सांगितलं. उद्यापासून तू पिंपरीला, म्हणालो.

तो सुतळी गुंडाळत राहिला.

"मिस्त्री, मला हिकडं कुनी धाडलं म्हनता?"

"एजंटने."

"म्या सांगितलं व्हतं त्याला. वखारीचं काम हाय असं कळलं, तवा दोनदा जाऊन सांगितलं."

मला पहिल्यांदा वाटलं, घर जवळ म्हणून. तो म्हणाला, व्हय, घर हाय, सांजच्याला घरी भाकरी मिळती, पण त्येवढ्यासाठी न्हाई. त्याने मला कैचीपाशी नेलं. आखणी त्याची होती. आकडे येत नसल्यामुळे त्याने सुतळीला गाठी मारून मापं धरली होती, आणि सहाच्या सहा कैच्या एकाच सुतळीवर आखल्या होत्या. मी काटकोन बघायचा गुण्या मागून घेतला आणि एकेक सांधा तपासू लागलो. कशासाठी तपासत होतो ते मला ठाऊक होतं. चौथ्या कैचीपर्यंत एकही चूक सापडली नाही, तेव्हा मी गुण्या खाली ठेवला.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगनार व्हतो. पर तुमी कोनाला काई इचारता, तवा त्याचं उत्तर वहीत आधी लिवलेलं असतंय. मला कवा इचारलंत?" तो हे हसत म्हणाला. थोड्या वेळाने हसू थांबवून त्याने विचारलं, "ह्या कागदानं मला परत यावं लागंल का?"

नव्या कलमावर त्याचा अंगठा नव्हता. पण त्याच्या स्वतःच्या कागदात नववं कलम होतंच. मी एजंटला माझी सही दाखवून म्हटलं असतं, पाठवा परत, तर त्याला यावंच लागलं असतं. म्हणजे आता सगळं माझ्या हातात होतं. जे मी त्याच्या भल्यासाठी मिळवलं म्हणत होतो, ते त्याला बांधायचं दावं होतं, आणि दाव्याचं टोक माझ्याकडे. त्याला मी हे असंच सांगितलं. मी म्हणालो, उद्या सकाळी एस.टी.ने चिंचवडला ये, दोघं मिळून जाऊ.

परतताना मोशीच्या चढावर सायकलवरून उतरून चालत गेलो. राग आला होता, पण नेमका कुणाचा ते ठरेना. एजंटला सगळं माहीत होतं आणि त्याने माझ्याकडून सही घेतली, हे खरं. पण त्याने जे केलं ते त्याच्या धंद्यातलं होतं. माझं मात्र तसं नव्हतं. दहा वर्षांत त्या माणसाला कधी आखायला दिलं नाही, कारण आखणी मला चांगली येते.

सोमवारी आम्ही दोघं माडीवर गेलो. मी सांगितलं, कलम खोडा. एजंट म्हणाला, खोडतो, पण आठ दिवसांची मोकळीक परत मिळणार नाही. मला ते अपेक्षित होतं. त्याने रेघ मारली, मी सही केली. वसाहत पुरी व्हायला पुढे दीड वर्ष लागलं, आणि तेवढे दिवस मी तिथेच होतो.

मग मी जोडीदाराचा कागद मागून घेतला आणि बाराही कलमं त्याला मोठ्याने वाचून दाखवली. मधे मधे तो थांबवायचा, हे म्हंजी काय, विचारायचा. दोनदा मी सांगितलेला अर्थ त्याला पटला नाही, तेव्हा त्याने एजंटला विचारून खात्री करून घेतली. शेवटी तो म्हणाला, नववं कलम ऱ्हाऊ द्या, पर हजेरीत मला काय लिवलंय?

एजंटने हजेरीचा कागद बघितला. "सुताराचा जोडीदार."

"चाकनला कुनाचा जोडीदार हाय मी?"

एजंट हसत माझ्याकडे वळला. मला बोलायचं होतं, तोंडापर्यंत आलंही होतं. मी बाकड्यावर जाऊन बसलो.

"मिस्त्री लिवा," तो म्हणाला.

त्यावर बराच वेळ बोलणं झालं. मिस्त्री म्हणजे जबाबदारी, कैची पडली तर कुणाला धरायचं, असं एजंट म्हणत राहिला, आणि तो एकच उत्तर देत राहिला, मला धरा. अखेर एजंटने लिहिलं. जोडीदाराने कागद माझ्यापुढे धरला आणि काय लिवलंय ते वाचा म्हणाला. मी वाचलं. मग त्याने अंगठ्याला शाई लावली.