सहा रोलर, दोन स्कूटर

डोंगरावरच्या काठी गावची होळी आठ दिवसांवर आली आणि माझी स्कूटर चढावर धापा टाकू लागली. वडिलांनी अट घातली, "गाडी चढ चढनी नही ते काठीले जीपमा ये, काकूसंगे." जीपमध्ये काकूंच्या मांडीवर डबा असतो आणि तोंडी माझ्या लग्नाचा विषय.

चुलतभावाचे निदान तयार होते. "गाडी बरी शे, ताई. तुन्हं वजन वाढनं." त्याची स्कूटर माझ्याच स्कूटरसारखी, एकाच दिवशी घेतलेली.

कोरीट गावातल्या आमच्या घराच्या ओसरीवर मी क्लचचे झाकण उघडले. आतले सहा रोलर नीट सरकले तरच बेल्ट जागा बदलतो आणि चढाला लागणारी ताकद चाकापर्यंत पोहोचते. मी प्रत्येकाचा व्यास व्हर्निअरने तीनदा मोजला, सरासरी काढली आणि झीज नसल्याचे जाहीर केले. घरात भौतिकशास्त्राची पदवी माझ्याकडेच होती. शंका घेणार कोण?

शंका आईने घेतली. रोलर ठेवलेली ताटली तिला हवी होती. तिने ती जराशी तिरकी केली. दोन रोलर घरंगळले, चार जागीच राहिले.

"ह्या चार ते बठेल शेतस," ती म्हणाली. "तू काय मोजी ऱ्हायनी व्हतीस?"

ते चौघे एका अंगाने चपटे झाले होते, आणि मी दरवेळी शाबूत अंगावर माप घेत होते.

मी त्याच संध्याकाळी नंदुरबारहून नवा संच आणला. बसवला मात्र नाही. वजनाचा सिद्धांत अजून तपासायचा होता, आणि प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलायचा असतो. निघायच्या दिवशी दुपारी भाऊ झोपलेला असताना मी दोन्ही स्कूटरच्या रोलरांची अदलाबदल केली.

घाट मी एका दमात चढले आणि वरच्या टपरीपाशी थांबले. बऱ्याच वेळाने भाऊ गाडी ढकलत आला.

"वजन वाढनं का रे तुन्हं?"

त्याने गाडी टपरीला टेकवली. तेवढ्यात जीप आली. काकूंनी सरकून जागा केली आणि डबा त्याच्या मांडीवर ठेवला.

नवा संच माझ्या डिक्कीत होता, पान्ह्यासकट. पण पोरगी कशी हवी, हे काकूंनी त्याला विचारायला सुरुवात केली होती. मोठी माणसे बोलत असताना मध्ये पडणे मला योग्य वाटले नाही.