स्केग्गी मेंढ्याचा आवाज

एल्स्पाचा आवाज तिच्या देहापेक्षा थोराड होता. दक्षिणेकडच्या सुदुरॉय बेटावरून राजधानी तोर्शाव्हनला जाणाऱ्या बोटीच्या उपाहारगृहात ती कॉफी ओतायची, दालचिनीचे पाव गरम करायची आणि कुणाचं सॉसेज तयार झालं हे गल्ल्यामागून इतक्या खणखणीतपणे पुकारायची, की वर डेकवर सिगारेट ओढत उभा असलेला माणूससुद्धा निमूट आत यायचा. बोटीला भोंगा होताच, पण दाट धुकं पडलं की खलाशी म्हणायचे, "भोंगा राहू द्या, एल्स्पाला पुढे उभी करा."

ती मूळची सुम्बाची. बेटाचं अगदी दक्षिण टोक ते. तिथं वाराच असा, की पोर पाळण्यातच ओरडून बोलायला शिकतं. तरुणपणी ती मासळीच्या कारखान्यात होती. यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून दिवसभर बायकांना हसवत ठेवायचं, हे तिथलं तिचं खरं काम; मासे कापणं आपलं पगारापुरतं. नवरा दान्याल तिच्या अगदी उलट. मेंढरं, शेतातले बटाटे आणि वर्तमानपत्र यांत त्याचा दिवस जायचा. घरातलं बोलणं बायकोनं एकटीनंच उचललं होतं, त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

बोटीवरची पोरं हा एल्स्पाचा जीव की प्राण. दोन तासांचा प्रवास; पोरं कंटाळून गल्ल्याशी यायची, ही त्यांना चिडवायची. "काय रं, दात कुठं ठेवून आलास? विकलास व्हय?" पोरगं लाजायचं, मग बोलायला लागायचं, आणि एकदा लागलं की बंदर येईपर्यंत थांबायचं नाही.

हे हळूहळू बंद पडलं. पोरांच्या हातात टॅबलेट आले. समुद्र खवळला की आया बोट लागून बाकावर हिरव्यानिळ्या पडून असायच्या, आणि शेजारी पोरगं मांडीवर टॅबलेट घेऊन गुपचूप बसलेलं असायचं. एल्स्पानं कधी नाक मुरडलं नाही. आजारी आईला दोन घटका उसंत मिळते, यात वाईट काय? तिला खटकायचं ते निराळंच. पोरं आपापसांत खेळताना इंग्रजी बोलायला लागली होती. खेळातली अस्वलं इंग्रजी, मोटारी इंग्रजी, परीसुद्धा इंग्रजी. पन्नास-पंचावन्न हजार माणसांच्या भाषेत खेळ काढायला कोण बसलंय?

मग ते घरातही आलं. लेक मार्ना ईस्टरला तोर्शाव्हनहून आपल्या चार वर्षांच्या मुलीला, सोल्याला, घेऊन आली. एल्स्पानं हौसेनं चरबी घालून माशाचे गोळे उकडले होते. सोल्यानं ताटाकडे पाहिलं आणि गोड आवाजात आजीला म्हणाली, "नो थँक यू, ओम्मा. यक्की."

"काय म्हनली?" एल्स्पानं लेकीला विचारलं.

मार्ना ओशाळली. "नको म्हणाली, आई."

"त्ये कळलं. यक्की म्हंजे?"

वर्तमानपत्रामागून दान्याल म्हणाला, "घाण."

त्या दिवसातला हा त्याचा पहिलाच शब्द. सगळे पोट धरधरून हसले, सोल्यापण हसली. पण भांडी विसळताना एल्स्पाचं हसू ओसरलं. नातीशी तिला किती काय बोलायचं होतं! तिला चिडवायचं होतं, तिच्याशी भांडायचं होतं, शेजारच्या कोंबड्याची नक्कल करून दाखवायची होती. आणि पोर तर सोफ्यावर बसून टॅबलेटमधल्या भलत्याच कुणाच्या तरी आवाजाशी गप्पा मारत होती.

त्या वसंतात बोटीवर बेइंता भेटली. ही तोर्शाव्हनची तरणी मुलगी, बेटावरच्या बालवाडीत शिक्षिका म्हणून नुकतीच आलेली. कॉफी घ्यायला आली ती गल्ल्याशीच रेंगाळली.

"एल्स्पा, तुला एक विचारू? हसणार नाहीस ना?"

"हसनार. पन विचार."

"मी नि माझा भाऊ मिळून टॅबलेटवरचा खेळ करतोय, लहान मुलांसाठी. आपल्या भाषेत. चित्रं झालीत. एक म्हातारा मेंढा आहे, स्केग्गी नावाचा. आळशी आणि खडूस. मुलांनी त्याला उठवायचं, खायला घालायचं, लोकर कापायची. त्याला आवाज हवाय."

"मग एखादा बाप्या बघ की."

"तीन पुरुष बघितले. तिघंही बातम्या दिल्यासारखं बोलतात. आणि परवा तू त्या जर्मन प्रवाशाला पाय खाली घे म्हणून ओरडलीस ना, तेव्हाच मी ठरवलं. हाच माझा मेंढा."

एल्स्पा हसलीच. मग हात पुसत म्हणाली, "पोरी, म्हाताऱ्या बायांनी पोरांच्या हातनं त्ये टॅबलेट काढून घ्यावं, असं म्हनतात लोक. आन् तू मला त्यात घालतीस व्हय?"

"पोरं तिथं जाऊन बसलीत तर आपणही तिथं जाऊन बसू," बेइंता म्हणाली.

एल्स्पाला हे पटलं. बोटीवरच्या आपल्या सुट्टीच्या दिवशी ती केस नीट विंचरून, चर्चला जायचा स्वेटर घालून बालवाडीत गेली.

ध्वनिमुद्रणाची जागा म्हणजे पोरांचे कोट टांगायची खोली. जाड जाड कोट आवाज घुमू देत नाहीत, म्हणून. ओल्या लोकरीचा आणि रबरी बुटांचा वास, आणि कोटांच्या मधोमध एका स्टुलावर एल्स्पा. बेइंतानं समोर माइक धरला, हातात कागद दिला. आणि काय झालं कोण जाणे, उभ्या बोटीला ऐकू जाणारी ही बाई एकदम आकसून गेली. कागदावरची वाक्यं ती धर्मगुरूनं प्रवचन वाचावं तशी, शुद्ध, गुळगुळीत आणि मेल्या आवाजात वाचू लागली. "कृपया मला उठवू नये. मला झोप आली आहे."

"छान," बेइंता म्हणाली. तिचा चेहरा मात्र काही निराळंच सांगत होता.

पुन्हा वाचलं. आणखी वाईट झालं. मेंढा नव्हे, मेंढ्याच्या मयताची बातमी वाचल्यासारखं वाटतंय, हे एल्स्पाला स्वतःलाच कळत होतं.

"राहू दे गं," ती म्हणाली. "माझ्या बापजन्मात म्या कागद बघून बोलले न्हाय."

एवढ्यात दार ढकलून एक इवलीशी मुलगी आत आली. बाहेर खेळायला जायचं होतं, तिला तिचे बूट हवे होते. कोटांच्या गर्दीतून तिला फक्त दोन पाय दिसले.

"तिथं कोण आहे?" मुलीनं विचारलं.

आणि एल्स्पाच्या तोंडून, तिचं तिलाही नकळत, एक घोगरा, कुरकुरता आवाज बाहेर पडला. "कोन म्हंजे? म्या हाय! मेंढा! कशापायी उठवलंस गं मला?"

मुलगी दोन पावलं मागं सरली. मग पुढे झाली. "मेंढा कोटात कशाला आला?"

"थंडी वाजतीया! माझी लोकर नेली कुनीतरी! तुझा स्वेटर कशाचा हाय बघू? लोकरीचा? म्हंजे तूच चोर!"

"मी नाही चोर! हा मला आजीनं विणलाय!"

"मग तुझी आजी चोर!"

मुलगी खिदळत सुटली आणि ओरडत बाहेर पळाली, "कोटात मेंढा आहे! कोटात मेंढा आहे!" क्षणात दार पोरांनी भरून गेलं. प्रत्येकाला मेंढ्याशी भांडायचं होतं. कुणी त्याला गवत देऊ केलं, कुणी हातमोजा. "ह्ये गवत न्हाय रं, ह्यो तर मोजा! धुतला तरी हाय का?" बेइंतानं कागद कधीच चुरगाळून टाकला होता. एका हातानं माइक धरून दुसऱ्यानं ती तोंड दाबून हसत होती.

खेळ उन्हाळ्याच्या तोंडावर निघाला. महिनाभरात देशातल्या वस्तीच्या सगळ्या बेटांवर स्केग्गी घरोघर पोचला असेल. पोरगं टॅबलेटवर मेंढ्याला टिचकी मारायचं, मेंढा डोळाही न उघडता गुरगुरायचा, "कशापायी उठवलंस?" त्यानं रूबार्बचे आंबट देठ मागितले आणि पोरानं चुकून साबण दिला, की स्केग्गी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पोरं मुद्दाम साबण द्यायची. टॅबलेटला काही ऐकू येत नाही हे माहीत असूनही ती त्याच्याशी तावातावानं वाद घालायची, आणि तेही आपल्या भाषेत. स्केग्गीला इंग्रजी शिव्या कळणार कशा?

बोटीवर तर मोठीच धमाल झाली. एका कोपऱ्यात एक बारका मुलगा खेळत बसला होता आणि गल्ल्यामागून एल्स्पा नेहमीसारखी ओरडली, "कुनाचं सॉसेज? गार व्हायला लागलंय!" मुलाची मान झटकन वर झाली. त्यानं टॅबलेटकडे पाहिलं, गल्ल्याकडे पाहिलं. मग उठून आला आणि सरळ गल्ल्याखाली डोकावू लागला.

"काय शोधतोस रं?"

"मेंढा," तो कुजबुजला. "तू त्याला कुठं लपवलंयस?"

"शीतकपाटात," एल्स्पानं तितक्याच हळू आवाजात सांगितलं. "साबन मागतोय."

त्या दिवसापासून गल्ल्याभोवती पुन्हा पोरांचा घोळका जमू लागला. टॅबलेट काखेत मारून पोरं यायची आणि म्हणायची, "स्केग्गीसारखं ओरड ना आमच्यावर!"

तोर्शाव्हनहून मार्नाचा फोन आला. "आई, सोल्याला बोलायचंय." एल्स्पानं घाईघाईनं हात पुसले, फोन घेतला. पलीकडून नात ठसक्यात म्हणाली, "ओम्मा, तू नको. स्केग्गीला दे."

एल्स्पाला आपल्याच मेंढ्याचा हेवा वाटला. पण तिनं आवाज बदलला, आणि आजी-नात मिळून इतका वेळ भांडल्या, की दान्यालनं वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि कान देऊन ऐकत बसला. आता हे रोजचंच झालं. पंधरा-वीस दिवसांनी सोल्या आपण होऊन म्हणाली, "बरं, आता स्केग्गी बास. ओम्माला दे. मला तिला बालवाडीतलं सांगायचंय." एल्स्पा त्या रात्री आनंदानं जेवलीच नाही.

शरद ऋतूत एक लाल जाकिटातली बाई गल्ल्याशी येऊन उभी राहिली. बरोबर पाच वर्षांचा मुलगा. बाईनं कॉफी मागितली नाही. "तूच का ती?" तिनं विचारलं. तिचं बोलणं उत्तरेचं, क्लाक्सविकचं. "तुझ्यामुळे माझं पोर बिघडलंय."

एल्स्पानं हातातली किटली खाली ठेवली. "काय झालं?"

"काय झालं काय! सकाळी उठवायला गेले तर म्हणतं, 'कशापायी उठवलंस?' आमच्या सात पिढ्यांत कुणी 'कशापायी' म्हटलेलं नाही! आजोबांना म्हणतं, 'व्हय रं.' अख्ख्या वर्गात हेच! आमच्या क्लाक्सविकची पोरं तुम्हा दक्षिणेकडच्यांसारखी बोलायला लागलीत. माझ्या सासऱ्यांनी तर जेवण सोडायचं तेवढं बाकी ठेवलंय!"

उपाहारगृहातल्या सुदुरॉयच्या मंडळींना जे हसू फुटलं ते आवरेना. आजवर राजधानीत आणि उत्तरेत ह्यांच्याच बोलीची टवाळी व्हायची. एका म्हाताऱ्या कोळ्यानं तर टेबलावर मूठ आपटली. "जिंकलो की रं आपन!"

बाईनं चेहरा कठोर ठेवायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण तेवढ्यात तिचा मुलगाच म्हणाला, "आये, भूक लागलीया." मग तीही हसत सुटली. नाव ओलूवा. बंदर येईपर्यंत ती गल्ल्यापाशीच उभी होती, आणि उत्तरेची बोली कशी जास्त गोड, हे एल्स्पाला पटवत होती. एल्स्पा एक अक्षर मान्य करत नव्हती. दोघींचं भांडण असं रंगलं, की बेइंता, जी योगायोगानं त्याच बोटीवर होती, आपली कॉफी विसरून ऐकतच राहिली.

खेळाचा दुसरा भाग करायचा ठरला, तेव्हा स्केग्गीच्या शेजारी एक तोंडाळ कोंबडी राहायला आली. आवाज ओलूवाचा. क्लाक्सविकहून ती बोटीनं आली, केस नीट विंचरून, चर्चला जायचा स्वेटर घालून. कोटांच्या मधे स्टुलावर बसली, माइक पाहिला, आणि तीही आकसून गेली. "नमस्कार. मी एक कोंबडी आहे," ती कशीबशी म्हणाली.

एल्स्पानं बेइंताला डोळ्यानं खुणावलं, ओलूवाच्या कानाशी वाकली आणि घोगऱ्या आवाजात गुरगुरली, "ए उत्तरेकडल्ये, अंडं बी देतीस का नुसतीच बसतीस?"

"बसते? मी? ऊठ मेल्या, पसरलायस काय ओल्या गोधडीसारखा! माझं अंडं खायला आधी दात आण!"

"दात हायेत! घरी ठेवलेत!"

दाराबाहेर जमलेल्या पोरांना हसू फुटलंच. बेइंतानं त्यांना गप्प केलं नाही, आणि ध्वनिमुद्रणातून ते हसूही काढलं नाही. नव्या खेळात मेंढा आणि कोंबडी भांडायला लागली की मागे कोटांच्या खोलीबाहेरची ती सगळी पोरं खिदळताना ऐकू येतात.