लेकीच्या पाणमोटीसाठी आणलेल्या गोळ्या

लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली ती पाचव्या महिन्यातच. उलट्या थांबत नव्हत्या. त्याच आठवड्यात आमच्या निवृत्तांच्या मंडळात एका तज्ज्ञांचं व्याख्यान झालं. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, आणि व्याख्यानाहून लांब परिचय. पाहुणे म्हणाले, लोखंड गंजतं तशी शरीरातही आतून मोडतोड चालते. गर्भाभोवतीची पातळ पिशवी, पाणमोट, तीही त्यानं कमकुवत होते. क आणि ई जीवनसत्त्वं तिला वाचवतात. दाराशी त्याच गोळ्यांचं टेबल होतं. असल्या टेबलांची मी जन्मभर टर उडवली. त्या दिवशी डबा घेऊन आलो.

रोज सकाळी मीच तिला गोळी द्यायचो आणि डब्यावरचा मजकूर वाचून दाखवायचो. दुसऱ्या हातात सिगारेट असायची.

"अहो, बाहेर जाऊन ओढा की," बायको म्हणायची.

"खिडकी उघडी आहे."

"बाबा, ती फक्त तुम्हालाच उघडी दिसते," लेक हसायची. पण उठून कधी गेली नाही. माहेरी यायचं आणि बापाला त्याच्या खुर्चीवरून उठवायचं, हे आमच्याकडच्या मुलींना जमत नाही.

डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी, सातव्या महिन्यात, बसल्या जागी पाणमोट फुटली. बाळ काचेच्या पेटीत चार दिवस जगलं.

मी डॉक्टरीणबाईंपुढे डबा ठेवला. गोळी कमी पडली का, असं विचारलं.

"हे प्रयोगशाळेत छान दिसतं, काका. बायकांना देऊन पाहिलं तर पिशवी टिकतेच असं काही दिसलं नाही. घरात कोणी ओढतं?"

मी डबा परत उचलून घेतला. बायको म्हणाली, "हे ओढतात. हॉलमध्ये."

"धुरानं मात्र नुकसान होतं. त्यानंच फुटली, असं मी म्हणणार नाही."

त्या 'म्हणणार नाही'च्या आधारावर मी वर्ष काढलं. सिगारेट सुटली. त्याबद्दल मंडळानं माझा सत्कार ठरवला. मी नको म्हणालो, तर त्यांना तो विनय वाटला.

यंदा लेकीला पुन्हा दिवस गेले. पहिलं मूल हाती लागलं नव्हतं, तेव्हा हेही बाळंतपण माहेरीच, असं आम्ही धरून चाललो होतो. सातवा लागताच मी तिला आणायला छावणी भागात तिच्या सासरी गेलो. तिच्या सासूबाईंनी पोहे केले. लेक पाणी घेऊन आली आणि उभीच राहिली.

"मी नाही येत, बाबा. या वेळी इथंच होऊ द्या."

"अगं, सोडली मी. घराला रंग दिलाय. पडदेसुद्धा नवे घेतले."

"माहितीय. आई बोलली."

"मग?"

"मग काही नाही. पोहे खा, गार होतील."

सासूबाई मधेच म्हणाल्या, "तुम्ही येत जावा की भेटायला." लेकीनं पाण्याचा पेला उचलून आत नेला.

मी निघालो तशी ती दारापर्यंत आली.

"नववा लागला की आईला पाठवा," म्हणाली. "आईला तेवढं."

मी हो म्हणालो.