दादांच्या मोबाईलवरचं ‘होय’

त्या घरात मोठा दीर आणि भावजय एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. आमच्या कंपनीच्या फॉर्मवर रकाने भरपूर आहेत. कॉम्प्युटर किती, फोन किती, वायफायला पासवर्ड आहे का, काम सोडून गेलेल्यांची खाती बंद केली का. घरात कोण कुणाशी बोलतं हा रकाना त्यात नाही. मी आमच्या सरांना म्हटलंही, घाला तो. सरांना वाटलं मी चेष्टा करतेय.

आमचं ऑफिस ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोच्या मागच्या बाजूला. ज्या धंद्यांना स्वतःचा आयटीवाला ठेवणं परवडत नाही, त्यांच्या कॉम्प्युटरची राखण आम्ही करतो, आणि त्यांचे फोन, मेल, मीटिंगा सगळं एकाच लॉगिनवर आणून देतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील कंपनीत फिटर, आई शिवणकाम करायची, कल्याणच्या चाळीत दोन खोल्या. माझ्या डिग्रीचा कागद आईने फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीवर लावलाय, म्हणजे येणाऱ्याला आधी तोच दिसतो. मला त्यात संकोच वाटत नाही. कष्टाने मिळवलेलं आहे, दिसू दे.

तर हे घर. ठाकुर्लीजवळचं त्यांचं गाव, आता गाव म्हणायचं ते फक्त पाटीवर. पूर्वी भातशेती आणि मिठागरं, आता बिल्डिंगी, गोदामं आणि मालवाहतुकीच्या गाड्या. यांचा धंदाही मालवाहतुकीचा, ऑफिस कल्याण-शीळ रस्त्याला. दोघं भाऊ. मोठ्याला सगळे दादा म्हणतात, ड्रायव्हरपासून सरांपर्यंत. धाकटा गाड्यांचं बघतो, दिवसभर रस्त्यावर. आणि ऑफिसचे फोन, मेल बघायला टेबलावर बसते धाकट्याची बायको. तिला सगळे वहिनी म्हणतात.

पहिल्या दिवशी दादांनी मला चहा दिला आणि विचारलं, “मॅडम, तुम्ही कुठल्या?”

“कल्याण.”

“नाय, मूळच्या?”

हा प्रश्न कुठे जातो ते मला शाळेपासून माहीत आहे. मी म्हटलं, “आम्ही बौद्ध. आता फोन किती आहेत ते सांगा.” दादा हसले. मी चहा संपवला. माझा कप कुणी वेगळा ठेवला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

मी सांगितलं की प्रत्येकाचं खातं वेगळं हवं. दादांच्या कपाळावर आठ्या आल्या. “आमचे घरान वाटणी नाय झाली अजून. एक धंदा, एक नाव. माझ्या नावान बनवा.”

“पण टेबलावर तर या बसतात.”

“ती घरचीच हाय.”

मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, “अगं, दादा म्हणतील तसं कर ना. सही झाली की बघू पुढचं.” आमच्याकडे पुढचं कधी येत नाही.

म्हणजे खातं दादांच्या नावाने. पासवर्डनंतर दुसरं कुलूप असतं ते दादांच्या मोबाईलवर. कॉम्प्युटरवर कुणी आत शिरायला लागलं की मोबाईल थरथरतो आणि विचारतो, हे तुम्हीच का? होय किंवा नाही. मी दादांना दोनदा समजावलं. “होय दाबायच्या आधी फोन करून विचारायचं, वहिनी, तुम्हीच का. त्या हो म्हणाल्या तरच दाबायचं.”

दादांनी मान हलवली. वहिनींनी पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघितलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं असं म्हणणार नाही. मी केबल मोजायला आलेले, पदर वाचायला नाही.

नंतर वहिनींनीच सांगितलं. लग्न होऊन आल्यापासून त्या दादांशी थेट बोललेल्या नाहीत. भांडण वगैरे काही नाही. रीत आहे. काही सांगायचं तर नवऱ्यामार्फत, नाहीतर सासूमार्फत, नाहीतर भिंतीला ऐकवल्यासारखं मोठ्याने. “मी काय त्यांना फोन करून सांगू, दाबा म्हणून? मरून जाईन मी लाजेनं.” आणि स्वतःच हसल्या. त्यामुळे त्यांच्यात न बोलता सोय झालेली. वहिनी सकाळी टेबलावर बसल्या की दादांचा मोबाईल थरथरायचा, दादा असतील तिथे होय दाबायचे. जेवून आल्यावर पुन्हा. दादांच्या लेखी तो मोबाईल थरथरला म्हणजे वहिनी. दुसरं कोण असणार?

मग एका दुपारी दुसरंच कुणीतरी आलं.

त्या दिवशी घरातल्या एका मुलीचा साखरपुडा होता. ऑफिस बंद. सगळं घर मांडवात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला पोचत नाही तोवर आमच्या स्क्रीनवर लाल दिवे. दादांच्या मेलवरून त्यांच्या ओळखीच्या प्रत्येकाला एक फसवी लिंक गेलेली. गिऱ्हाइकं, टायरवाला, सीए, नात्यातले डॉक्टर, सगळे. ज्या मोठ्या गोदामाचा माल हे उचलतात त्यांनी तर यांचे मेल घेणंच बंद केलं. आणि त्यांच्या गेटवर गाडी आत घ्यायची परवानगी मेलनेच येते. म्हणजे गाड्या बाहेर रांगेत उभ्या.

मी खातं बंद केलं. करावंच लागतं, चोर आत असताना दार उघडं कसं ठेवणार? पण फोन, मेल, सगळं एका लॉगिनवर, हेच तर आम्ही अभिमानाने विकतो. खातं बंद म्हणजे ऑफिसचे फोनही मुके. दादांनी स्वतःच्या मोबाईलवरून मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सरांनी मेसेज केला, जा आणि शांत कर त्यांना. चोराचं काय, ते नंतर.

मी पोचले तेव्हा दादा मधल्या खुर्चीत, धाकटा भाऊ दाराला टेकून उभा, वहिनी बंद कॉम्प्युटरसमोर.

“मॅडम, मी तेवाच बोललेलो,” दादा म्हणाले, बघत मात्र भावाकडे होते. “बायकांच्या हातान कारभार दिला का असा होतो. हिनंच कायतरी दाबलं असंल. उद्यापासून टेबलावर माणूस ठेव दुसरा.”

धाकट्याने गाड्यांच्या किल्ल्या या खिशातून त्या खिशात टाकल्या. तो त्या घरात बहुतेक हेच काम करतो.

वहिनी नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “त्यांना सांगा, चार दिवसांपूर्वी स्क्रीनवर एक पान आलेलं. मेलबॉक्स भरला, पासवर्ड टाका म्हणून. मी टाकलेला. मला वाटलं खरंच भरला.”

“बघा!” दादांनी मांडीवर थाप मारली. “बोललो का नाय?”

माझं डोकं सणकलं. बाई स्वतःहून सांगतेय, आणि हा माणूस जिंकल्यासारखा करतोय. मी म्हटलं, “दादा, पासवर्ड माझाही जाऊ शकतो. सरांचा तर गेलेला आहे. म्हणून तर दुसरं कुलूप तुमच्या मोबाईलवर लावलं. चोर पासवर्ड घेऊन बाहेर उभा होता. त्याला दार कुणी उघडलं? काल दुपारी मोबाईल थरथरला होता?”

“थरथरला असंल.”

“कुठे होतात?”

“कुठं म्हणजे? पंगतीत. जेवत होतो.”

“मग?”

“मग काय, उजवा हात खरकटा. डाव्यानं दाबला. रोजच दाबतो.”

“कुणासाठी दाबलात?”

“हिच्यासाठी. आणि कोणासाठी?”

“आणि वहिनी तेव्हा कुठे होत्या?”

 दाराला टेकलेला धाकटा खाली बघून हसला, पहिल्यांदाच. शेवटी दादाच म्हणाले, पण आवाज उतरलेला. “वाढत होती. जिलेबी. माझेच पंगतीत.”

“नको नको म्हणत होते,” वहिनी खिडकीला म्हणाल्या, “तरी दोन वाढल्या मी.”

मला वाटलं संपलं. आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, बरं बाई, चुकलं, बनव तिचं वेगळं खातं. दादा म्हणाले, “ठीक हाय. माझं एक बनवा, ह्याचं एक बनवा. तिसऱ्यावर ‘ऑफिस’ लिवा.”

“ऑफिस नावाचं माणूस नसतं. रोज बसतात त्या वहिनी. त्यांचं नाव, त्यांचा मोबाईल.”

“घरच्या बाईचं नाव गावभर मेलवर फिरवायचं?”

“काल तुमच्या नावाने गावभर काय फिरलं ते बघितलंत ना?”

हे जरा जास्त झालं. मला माहीत आहे, पण खोटं नव्हतं. दादा उठून बाहेर गेले आणि सरांना फोन लावला. मग सरांचा मला. “तुला घर सुधारायला पाठवलंय का तिथे? ऑफिस म्हणतायत तर ऑफिस लिही.” मी म्हटलं, तुम्ही येऊन लिहा. मी नाही लिहिणार, उद्या पुन्हा चोरी झाली की खाली सही माझी असते. सर म्हणाले, तुझं हे शिक्षण डोक्यात गेलंय. जाऊ दे गेलं तर. ते डोक्यात जाण्यासाठीच घेतलेलं.

वहिनींनी पर्स उचलली. नवऱ्याला म्हणाल्या, “त्यांना सांगा, दुसरा माणूस बघा. चोर आला की मी, आणि नाव लिहायचं तर ऑफिस. मला घरात कामं आहेत.” आणि रिक्षा करून निघून गेल्या. चिडलेल्या वाटल्या नाहीत. नुसत्या गेल्या.

पुढचा आठवडा मी तुम्हाला काय सांगू! टेबलावर आधी धाकटा बसला, मग दादांचा भाचा. गोदामवाल्यांनी मेल पुन्हा सुरू केले, तर इकडून चुकीच्या गाडीचे नंबर जायला लागले. मला दिवसातून कितीतरी फोन. मॅडम, हे जोडायचं कसं? मॅडम, कॉल दुसऱ्याला कसा द्यायचा? मी फोनवर सांगायची, ते “हां हां” म्हणायचे आणि ठेवल्यावर तेच चुकीचं करायचे. एवढी चिडचिड मला परीक्षेच्या दिवसांत झाली नव्हती.

मग एका सकाळी दादांचा फोन. बराच वेळ गाड्यांचं बोलले, उन्हाचं बोलले. मग म्हणाले, “तिचं बनवून टाका.”

“नाव?”

“तिचंच.”

“आणि होय-नाही तिच्याच मोबाईलवर येणार. तुमच्याकडे नाही येणार आता.”

  मग दादा एकदम साध्या आवाजात म्हणाले, “मग मना कसा कळंल, ती कामावर बसली का नाय?”

म्हणजे सगळं घोडं इथे अडलेलं! नाव नाही, इज्जत नाही, वाटणी नाही. मोबाईल सकाळी थरथरला की टेबल चालू झालं हे त्यांना कळायचं, आणि ते काढून घ्यायला मी निघालेले. चिडावं का हसावं, कळेना. म्हटलं, “दादा, फोन करा आणि विचारा. बसल्या का म्हणून.”

“मी?” दादा म्हणाले. “मी कसा विचारू?”

वहिनी परत आल्या. त्यांचं खातं त्यांच्या नावाने, कुलूप त्यांच्या मोबाईलवर. मी स्वतः जाऊन लावून दिलं. धाकट्याने हळूच स्वतःचा नंबर पुढे केला होता, “माझ्यावर टाका, ती विसरते.” वहिनींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गाड्या मोजायला बाहेर गेला.

काही दिवसांनी आमच्या सिस्टीमने एक इशारा दिला. त्या ऑफिसच्या फोनवर रोज सकाळी एकाच नंबरवरून कॉल येतोय, उचलला की लगेच कट. कुणीतरी त्रास देतंय, तपासा. सरांनी काम मलाच दिलं. नंबर बघायची तशी गरज नव्हती, तरी बघितला. मग वहिनींना फोन केला. माझ्या स्क्रीनवर त्यांचं पूर्ण नाव उमटलं, आडनावासकट.

“वहिनी, हे सकाळचे कॉल...”

“दादा,” त्या म्हणाल्या. “मी उचलून बोलले की ठेवतात.”

“रोज?”

“रोज. परवा मी मुद्दाम उचललाच नाही, तर दोन मिनिटांत भाच्याला पाठवला बघायला.”

माझा संताप पुन्हा वर आला. एवढा खटाटोप केला, आणि शेवटी हजेरी ती हजेरीच. म्हटलं, “ब्लॉक करू का? एक बटण दाबायचंय मला.”

वहिनी हसायला लागल्या. मागे एक गाडी हॉर्न देत होती, कुणीतरी नंबर विचारत होतं. “थांब रे, सांगते,” त्या त्याला म्हणाल्या, आणि मग मला, “नको गं. मी आता हॅलोच्या जागी ‘बसले’ म्हणते. त्यांना तेवढंच ऐकायचं असतं. आणि मला त्यांच्याशी तेवढंच बोलायचं असतं.”

तो इशारा मी बंद केला. कारणाच्या चौकोनात काय लिहायचं ते सुचेना, आणि रिकामा सोडला तर सिस्टीम पुढे जाऊ देत नाही. शेवटी लिहिलं, ‘घरचा फोन आहे.’ सरांनी तो शेरा वाचून मला केबिनमध्ये बोलावलं, आणि असले शेरे क्लायंटच्या रिपोर्टमध्ये चालत नाहीत म्हणून अर्धा तास ऐकवलं.